बाईच्या जागी हात

१९३६ सालची माघी पौर्णिमा. ठरलेली रक्कम अठरा रुपये, पैकी पाच आगाऊ. हजर तिघे: मी, हिर्डोशीचे माझे थोरले मेहुणे आणि भाटघरचा पाथरवट. माझी बायको दिवाळीआधी तापाने गेली. तिच्या आठवणीचा दगड कोरून शेताच्या बांधावर उभा करायचा होता.

नमुना मीच दिला. एका मासिकात मिसर देशातल्या जुन्या थडग्याच्या भिंतीवरचं कोरीव काम छापलं होतं. नवराबायको एकाच आसनावर बसलेली, पुढ्यात भाकऱ्या, तिचा हात मागून त्याच्या खांद्यावर. मेल्यावरही माणसाला जेवण मिळत राहावं म्हणून तिकडे असं कोरत, असं खाली लिहिलं होतं. एकवीस वर्षांच्या संसारात माझी बायको माझ्या शेजारी एकदाही जेवायला बसली नाही. माझं ताट उचलायची, मग चुलीपाशी उरलंसुरलं खायची. मीही कधी बस म्हटलं नाही. निदान दगडात तरी तिने बसावं, एवढंच मला हवं होतं.

सव्वा महिन्याने मेहुणे आणि मी दगड पाहायला गेलो. पुरुष ऐसपैस बसला होता. पुढे पाच भाकऱ्या होत्या. बायको नव्हती. तिच्या जागी दगडात कोरलेल्या खांबातून निघालेला, कोपरात वाकलेला, बांगड्यांनी भरलेला नुसता हात. नवऱ्याच्या चितेवर गेलेल्या बाईच्या जुन्या दगडावर असतो, तसा.

"बाई कुठं आहे?" मी विचारलं.

"ह्यो काय हात. बाईचा हातच काढत्यात, मालक. चितरात बी हात दिसला, म्या वळखलं."

"सती मेलेल्या नवऱ्यामागं जाते. मी तुझ्यासमोर उभा आहे."

"व्हय, आन हितं बसलाय बी की," तो दगडाकडे बोट करून म्हणाला.

माझं डोकं भणकलं. मेहुण्यांना मात्र दगड पसंत पडला होता. बाया हळदकुंकू वाहतील, दोन्ही घरांचं नाव होईल, असं ते मला समजावू लागले. "सती म्हणू द्या की लोकांना, दाजी. तिचं काय जातंय?"

"पाव्हणं, ती नऊ दिवस तापात पडून होती. दहाव्या दिवशी आपण दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली. तुम्ही घरात होता, मीही होतो. आता तिला सती करून ते झाकायचं का?"

मी पाथरवटाला तो हात तासायला लावला. उठावाचा दगड तासून गेल्यामुळे बाई आत खोल कोरावी लागली. सहा दिवस गेले. ती बसली, तिचा हात त्याच्या खांद्यावर आला, एक भाकरी तिच्या बाजूला सरकली. ऊन तिरपं असलं की ती स्पष्ट दिसते. भर दुपारी पाहिलं तर पुरुष एकटाच जेवताना दिसतो. तेव्हा मला राग येतो, पण पाथरवटाचा नाही.

मेहुणे निम्मे पैसे घालणार होते. हात तासला म्हणून एक पै देणार नाही म्हणाले. मी मागितलेही नाहीत. राहिलेले तेरा आणि सहा दिवसांचे तीन, असे सोळा रुपये पाथरवटाला दिले.