न उठणारा प्रवासी

आमच्या प्रशिक्षण केंद्रातून समुद्र दिसत नाही. एका मोठ्या शेडमध्ये क्रूझ जहाजाचा एक मजला उभा केलाय. अरुंद बोळ, दोन्हीकडे केबिन, यंत्रातून सोडलेला पांढरा धूर आणि टोकाला लोखंडी सांगाड्यावर टांगलेली, जन्मात पाणी न पाहिलेली बचावबोट. जहाजावर नोकरीला निघालेली मुलं-मुली इथे प्रवाशांना बाहेर काढायला शिकतात. त्यांच्या नाकी नऊ आणायला आम्ही एक प्रवासी पगारावर ठेवला होता. सगळे त्यांना हट्टीकाका म्हणत.

काका मूळचे शिंपी. बायको गेल्यावर शिलाई मशीन विकून इथे आले. काम एकच. सात नंबरच्या केबिनमध्ये पलंगावर बसायचं आणि भोंगा वाजला तरी उठायचं नाही. "माझी बायको आत आहे. ती आल्याशिवाय मी येत नाही." अकरा वर्षं हेच वाक्य. सगळे नियम पोपटासारखे पाठ करून आलेली पोरं तिथे हात टेकत. कुणी दंड धरून ओढे, कुणी आवाज चढवी. सुरुवातीच्या वर्षांत हुशार असत ती म्हणत, "काकू पुढे गेल्यात, बोटीत बसल्यात." काका लगेच उठायचे, निमूट चालत जायचे आणि नंतर कार्डावर पेन्सिलीने शून्य गुण द्यायचे.

मलाही शून्यच मिळालं होतं. तेव्हा मी विद्यार्थिनी होते, काकांचं इथलं पहिलंच वर्ष होतं, आणि मी कडाकडा भांडले. "माणूस बाहेर तर आला ना?"

"बोटीत ती दिसली नाही की तो परत धुरात पळेल," काका म्हणाले. "त्याच्यामागे तू पळशील. त्यापेक्षा शेजारी बस. म्हण, मी खोली बघितली, बाथरूम बघितलं, इथे कुणी नाही. मग हात पुढे कर." पुढे म्हणाले, "मला दवाखान्यात सांगितलं होतं, त्या झोपल्यात, तुम्ही घरी जाऊन या. मी गेलो."

पुढे मी इथेच शिकवायला लागले आणि काकांचं म्हणणं प्रत्येक तुकडीच्या डोक्यात भरत राहिले.

यंदा वरून हुकूम आला, काकांच्या जागी सत्तर किलोचे रबरी पुतळे. पुतळे रजा मागत नाहीत, चहाही मागत नाहीत. मला संताप आला, पण मी गप्प बसले. त्याची लाज अजून वाटते.

काकांचा शेवटचा सराव संपला. धूर ओसरला, मुलं गेली. काका बाहेर आले नाहीत. मी सात नंबरमध्ये डोकावले. लाइफ जॅकेट घालून ते पलंगावर तसेच बसलेले.

"काका, संपलं. चला."

"माझी बायको आत आहे. ती आल्याशिवाय मी येत नाही."

मी हसले. ते हसले नाहीत. मी शेजारी बसले, शिकवते तसं बोलायला तोंड उघडलं. इथे कुणी नाही, हे या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं? घरी तरी त्यांचं कोण होतं?

"काकू पुढे गेल्यात," मी म्हणाले. "बोटीत बसल्यात."

काका लगेच उठले. रिकाम्या बोळातून चालत गेले, बोटीत चढले आणि आपल्या शेजारी बाकावर हात ठेवून जागा धरून बसले. मी खाली उभी. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी मला राहवेना. मी वर चढले.

"काका, मी खोटं बोलले. त्या नाहीत इथे."

"माहीत आहे मला."

"मग आलात कशाला?"

"ते वाक्य ऐकायलाच तर मी इथे यायचो," काका म्हणाले. "शून्य द्यायचो, पण ऐकायचो. तू शिकवायला लागलीस आणि कुणी म्हणेनासंच झालं. फार चांगलं शिकवलंस तू."

त्यांनी बाकावरचा हात उचलला.

"बस. दोन मिनिटांनी उतरू."

मी बसले.