पिपातला सुंबा

दौलतभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी चंद्रपूरच्या घरी अर्धवट दाढी केलेल्या तोंडानं आरशापुढे उभा होतो. फोनवर अहेरीचा जुना शेजारी होता. छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत सारं आटोपलं, असं त्यानं सांगितलं. मग फोन ठेवता ठेवता म्हणाला, "लाख मानूस होता, गुरुजी. हातात कला होती. तेवढी डोळ्याची हलगर्जी केली नसती त गॅरेज अजून जोरात राह्यलं असतं." मी ‘हो’ म्हणालो. जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून सांगणारा मास्तर मी, आणि ‘हो’ म्हणालो! त्याला आता पाच-सहा आठवडे झाले, पण ते ‘हो’ काही घशाखाली उतरत नाही.

दौलतभाऊंचं टिनाचं गॅरेज अहेरीहून आलापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. मी जंगलातल्या एका शाळेवर होतो, आणि लिलावात निघालेली पेट्रोलची जुनी जीप घेऊन बसलो होतो. ती जीप महिन्यातले आठ दिवस माझ्याकडे आणि बाकीचे त्यांच्याकडे राहायची. नव्या गाड्यांना ते हात लावत, पण मन लावत नसत. गंजून धरलेली पिन, झिजून गोल झालेला नट, तीस वर्षांत न उघडलेला ब्रेकचा ड्रम आला की त्यांचा चेहरा खुलायचा. घुग्घुसच्या खाणीकडून लोक जुनी गाडी दोर बांधून ओढत त्यांच्याकडे आणत. पहिल्या दिवशी ठोका मारायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. आधी डिझेल पाजायचं. दुसऱ्या दिवशी गॅसच्या जाळानं तापवायचं आणि त्या गरम लोखंडाला मोहळाचं मेण लावायचं. मेण वितळून केसाएवढ्या फटीत आपोआप शिरतं. ते मेण जंगलातल्या गावांतून मध काढणारे लोक त्यांना मुद्दाम आणून द्यायचे. मग तिसऱ्या दिवशी ठोका. तोही असा तसा नाही. मारणाऱ्यानं आधी ‘मारू?’ विचारायचं आणि दुसरा ‘मार’ म्हणेपर्यंत हात उचलायचा नाही. मी पाहुणा म्हणून उगाच हातोडी घेतली तरी मलाही हा नियम होता.

माझा स्वभाव मुळातच उतावळा. चहा निवायची वाट पाहत नाही, जीभ भाजून घेतो. दौलतभाऊ मला चिडवायचे, "गुरुजी, तुमचं म्हंजे उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग." मी हसायचो. तेव्हा हसण्यावारी न्यायला काही लागत नव्हतं...

त्या दिवशी जीपच्या मागच्या पाट्याची, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची, पिन अडली होती. दोन दिवस झाले होते, मेण लावून झालं होतं, तरी ती तसूभर हलेना. दौलतभाऊ म्हणाले, "आज राहू द्या. उद्या निघते." मला दुसऱ्या दिवशी कसलीशी मीटिंग होती. कसली, ते आज आठवतही नाही. मी हट्टाला पेटलो, आजच पाहिजे म्हणालो. ते नाइलाजानं उठले आणि सुंबा घासायला आत ग्राइंडरकडे गेले. सुंबा म्हणजे पिन ठोकून बाहेर काढायची पोलादी कांडी. ठोके खाऊन खाऊन तिचं डोकं भाकरीच्या कडेसारखं फाकतं, आणि त्या फाकलेल्या कडेचा कपचा कधी उडेल याचा नेम नसतो. म्हणून ते प्रत्येक वेळी कड घासून घ्यायचे. घासण्यापलीकडे गेलेले सुंबे कोपऱ्यातल्या तेलाच्या पिपात पडलेले असत. त्या पिपाला हात लावायचा नाही, हे त्यांनी मला एकदा नाही, दहादा सांगितलं होतं. मी पिपात हात घातला, हाती लागला तो सुंबा काढला, पिनेवर धरला आणि हातोडी हाणली. ‘मारू?’ विचारलं नाही. विचारणार कोणाला, ते आत होते, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला समजावत आलो. पण तिसऱ्या ठोक्याला ते आत नव्हते. माझ्या ठोक्यांचा आवाज ऐकून धावत आले होते, माझ्या बाजूला वाकले होते आणि "थांबा, गुरुजी" म्हणत होते. मी ते ऐकलं. हात मात्र खाली आला.

चंद्रपूरला डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या डोळ्यातून कपचा काढला. नजर गेली ती गेलीच. तिकडे नेताना सारा रस्ताभर दौलतभाऊ डोळ्यावर दुपट्टा दाबून बसले होते. एटापल्लीचा फाटा मागे पडला तेव्हा म्हणाले, "कोनी इचारलं त मी सांगीन, माह्याच हातानं झालं. तुमी मधात बोलू नका." मी म्हणालो, असं कसं, भाऊ. तर म्हणतात, "सुंबा माह्या गॅरेजातला होता. खराब झाला त फेकून काऊन नाई देल्ला मी? अवजार ज्याचं, चूक त्याची." मी ‘नाही’ म्हणालो. पण एकदाच म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही. मला ते सोयीचं होतं, हे आज सरळ लिहितो.

एका डोळ्याला अंतर कळत नाही. पाना नटावर बसायच्या ऐवजी बोटभर अलीकडे बसायचा. मग ते आधी डाव्या हाताच्या बोटानं नट चाचपायचे आणि त्या बोटाच्या आधारानं पाना लावायचे. काम तसंच चोख व्हायचं, पण वेळ दुप्पट लागे, आणि गिऱ्हाइकाला तेवढा दम कुठून असणार? घुग्घुसच्या गाड्या यायच्या थांबल्या. मीही बदली होऊन चंद्रपूरला आलो. वर्षातून एकदा भेटायला जायचो. त्यांच्या बायकोच्या, सिंधूबाईंच्या हातचा चहा प्यायचो. चहा देता देता त्या बोलायच्या, "साऱ्या गावाले शिकवते, इचारून मारा, घासून घ्या. अन् सोता? आंधळ्यावानी ठोकून डोळा फोडून घेतला. संसाराचं काही होवो." दौलतभाऊ खाली मान घालून बशीतला चहा प्यायचे. मी दुसऱ्या खुर्चीवर बसून तोच चहा प्यायचो. पंधरा वर्षं हे असंच चाललं...

हा लेख लिहून झाला, पण छापायला द्यायच्या आधी तो सिंधूबाईंना वाचून दाखवावा असं वाटलं. मागच्या आठवड्यात अहेरीला गेलो. त्या पडवीत सुपात मोहफुलं निवडत बसल्या होत्या. मी वरचा सगळा मजकूर वाचला. सुंब्याच्या जागी आलो तेव्हा त्यांचा हात थांबला. मी पुढे वाचत राहिलो, शेवटी कागद खाली ठेवला आणि हात जोडले. मला वाटलं होतं, त्या शिव्या देतील. हाकलून लावतील. त्याची मी तयारी करून गेलो होतो, खरं तर तेच मला हवं होतं.

त्यांनी सूप बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "तुमी त सांगून मोकळे झाले, गुरुजी. पन मी त्यायले रोज बोलली. जेवाले वाढताना बोलली, लोकाइच्या समोर बोलली. गेले त्या सकाळी बी बोलली. आता मी कोनापाशी जाऊन हात जोडू?"

मी कागदांची घडी घातली. निघताना मी विचारलं, बाई, हे छापू की नको? त्यांनी सूप पुढे ओढलं आणि म्हणाल्या, "छापा. अन् माह्यं बोलनं बी लिहा."