वस्तीवरचे चार भोंगे

सुषमा हरिबाची थोरली. तिच्या आजोबांपर्यंत घर मेंढरांमागं फिरलं. हरिबानं मात्र राहू गावाजवळ वस्ती केली, ऊस लावला आणि पोरीला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोम्याला घातलं.

२००४ साली उसात बिबट्या दिसू लागला. तो दिसला की माईकवरून सगळ्यांना सांगायचं, म्हणून सरपंच हौसरावांनी ग्रामपंचायतीपासून वस्तीपर्यंत तार ओढून तिथं चार भोंगे बसवले. पण वस्तीवर पोचायची ती नुसती कुजबुज. एकदा सूचना ऐकू न आल्यानं सुषमाची आई गिताबाई वैरणीला गेली आणि बिबट्या समोर बघून विळा टाकून पळत आली.

“आवाजाचं मोठं मशीन आणू,” हौसराव म्हणाले.

“थांबा आप्पा, आधी मला बघू द्या,” सुषमा म्हणाली.

वायरमन कोंडिबानं वस्तीकडची टोकं एकत्र पिळली, सुषमानं ग्रामपंचायतीकडून मीटर लावला. तारेचा रेझिस्टन्स बत्तीस ओहम निघाला. कॉलेजच्या लॅबमध्ये तिनं संगणकावर सर्किट मांडलं. मशीन आणि लांबलचक तार यांच्या जागी एक सप्लाय आणि एकच रेझिस्टन्स ठेवला, मग पुढचा लोड, म्हणजे भोंग्यांचा रेझिस्टन्स, बदलत गेली. पडद्यावर पॉवरची रेघ चढत गेली, लोड तारेइतका झाला तिथं शिखर गाठून उतरली. आठ-आठ ओहमचे चारी भोंगे पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी जोडल्यानं त्यांचा लोड मात्र दोनच ओहम होता. बहुतेक सगळी ताकद तारेत जिरत होती.

“मशीन हाय तेच राहू द्या. भोंगे एकामागं एक जोडा, बरोबर बत्तीस होतात,” तिनं सांगितलं.

कोंडिबानं मान हलवली. “दिव्याच्या माळंगत होईल, पोरी. एक गेला की चारी मुके. बिबट्या काय दुरुस्तीला थांबतोय व्हय?”

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती पुन्हा संगणकावर बसली. दोन-दोन भोंगे एकामागं एक जोडून दोन जोड्या केल्या आणि त्या जोड्या पॅरलल ठेवल्या, तर पॉवर शिखरापेक्षा कमी, पण आधीच्या जवळपास तिप्पट. शिवाय एक जोडी बंद पडली तरी दुसरी बोलणार.

“मामा, असं करू. शिखर गेलं तर जाऊ द्या.”

“आता जमलं,” म्हणत कोंडिबा खांबावर चढला.

संध्याकाळी हौसराव माईकवर बोलले. गिताबाई गोठ्यातनंच ओरडली, “आलं गं, समदं आलं!”

पुढं सुषमा रांजणगावच्या एका कारखान्यात टेस्टिंगला लागली. सुट्टीला आली की कोंडिबा एखादी बिघडलेली वस्तू घेऊन दारात हजर असायचा, आणि दोघं चहा निवेपर्यंत वाद घालत बसायची.