आप्पांच्या हृदयातली गाठ आणि इकोच्या खोलीतली आरोळी

परवा आम्ही पुण्याच्या हॉस्पिटलात चांगलाच गोंधळ घातला... केमो संपल्यावरचा आप्पांचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी होती. गाठ गेली की राहिली, ते कळणार होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. बैलगाडा शर्यतीत माइक त्यांच्याच हातात. खोडद असो नाहीतर मंचर, गाडा सुटला की "झाली झाली झाली... भिर्रर्रर्र!" ही आरोळी आप्पांचीच.

मागच्या हंगामात ती आरोळी मध्येच तुटायला लागली. आम्ही स्पीकरवाल्याला झापलं, वायर बदलायला लावली, नवा माइकसुद्धा आणला... दम आप्पांचा तुटतोय, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही!

मग तपासण्या झाल्या. हृदयात गाठ, लिम्फोमा... म्हणजे कॅन्सर, आणि तोही थेट काळजात.

डॉक्टर म्हणाल्या, कापाकापी नको, ही गाठ औषधाला दाद देते. आईला काही पटेना. "औषधानं इरघळायला ती काय साखर हाये व्हय?" पण दुसऱ्या केमोनंतरच गाठ निम्मी झाली, तेव्हा हीच आई डॉक्टरांसाठी पिशवीभर मेथी घेऊन गेली.

तर परवा... डॉक्टर बराच वेळ स्क्रीनकडे बघत होत्या. मग त्या हसल्या, "आप्पा, गाठ कुठेच दिसत नाही."

छातीला जेल फासलेले आप्पा, झोपल्या जागेवरून... "झाली झाली झाली... भिर्रर्रर्र!" अख्खी आरोळी, एका दमात! नर्स धावत आली. मी रडत होते आणि हसतही होते.

बाहेर आलो तर बाकावर घोडेगावचे एक काका बसले होते, तोंड पार सुकलेलं. त्यांच्या बायकोने आप्पांना गाठलंच. "भाऊ, आवाज वळखला तुमचा. ह्यांचा पयलाच इको हाये, लई घाबरल्यात. ह्यांच्यासाठी बी म्हना की एकदा."

काकांचा नंबर आला. आप्पांनी मुठीचाच माइक केला, त्यांचं नाव-गाव दणक्यात पुकारलं आणि आरोळी देऊन त्यांना आत सोडलं. सगळी रांग टाळ्या वाजवत होती.

काकांचं पुढे काय झालं, माहीत नाही... पण दार लागेपर्यंत ते हसत होते. डॉक्टर, तुम्ही आमच्या आप्पांना बरं केलंत, आणि त्यांनी लगेच तो धीर दुसऱ्याला वाटायला काढला बघा.