एमिनेच्या आजीची काजळी

चहा घ्या, आणि आधी वचन द्या की हे आमच्या झाशीच्या प्रेमनगरात कोणाला सांगणार नाही. मी सातासमुद्रापार जाऊन असा काही पराक्रम केलाय, की आमची मुग्धा अजून माझी ओळख करून देताना दोनदा विचार करते!

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुग्धाने, आमच्या लेकीने, आम्हा दोघांना तुर्कस्तानात नेलं. कप्पाडोकिया नावाचा मुलूख. काय जागा आहे हो! फार पूर्वी तिथल्या ज्वालामुखींनी राख ओकली, तिचा मऊ दगड झाला, आणि वाऱ्यापावसाने तो झिजवून अख्खी दरी सुळक्यांनी भरली. कुठे गुलाबी, कुठे सायीसारखे पांढरे, आणि काहींच्या डोक्यावर चक्क काळ्या दगडाच्या टोप्या! त्या सुळक्यांत माणसांनी घरं कोरलेली. माणसांचं सोडा, कबुतरांसाठीसुद्धा खोल्या! पहाटे त्यांवरून माणसांना घेऊन रंगीत फुगे तरंगत जातात. मी तर पहिल्या सकाळी हातच जोडले.

आमचा मुक्कामही अशाच एका गुहेतल्या घरात होता. घर एमिनेचं. माझ्याच वयाची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, सगळं एकटी सांभाळायची. भिंतीतच कोरलेले कोनाडे, फडताळं, सगळं लख्ख. फक्त एका कोपऱ्यात वरपर्यंत काळंकुट्ट! आल्या आल्या एमिनेने तो कोपरा दाखवला, छातीवर हात ठेवला, मान झुकवली आणि बराच वेळ काहीतरी बोलली. मुग्धा तेव्हा खाली सामान उतरवत होती.

तुर्की मला कुठलं कळायला? पण बाईला बाईचं कळतंच ना! पाहुणे आले की आपण नाही का म्हणत, "घर आवरायचं राहिलंय हो"? बिचारी माफी मागतेय, असं मला वाटलं. मी म्हटलं, "कोई बात नहीं जी!"

दुसऱ्या दिवशी दुपारी हे आणि मुग्धा दरीत उतरले. माझा गुडघा कुरकुरत होता, म्हणून मी खोलीतच. समोर तो काळा कोपरा. तुम्हीच सांगा, स्वस्थ बसवेल? म्हटलं, एकटी बाई, किती करणार? तेवढाच आपला हातभार.

ओलं फडकं घेतलं, बॅगेतला जुना टूथब्रश घेतला आणि लागले घासायला. काजळी निघेना, म्हणून जोर लावला. तर काजळीबरोबर दगडच निघायला लागला! शिळ्या बेसनलाडवासारखा भुगा! पण खाली काय सुंदर पांढराशुभ्र रंग! मी आणखी उत्साहाने घासलं. तासाभरात परातीएवढा गोल चकाकायला लागला.

तेवढ्यात दोघं परतले. मुग्धा दारातच किंचाळली, "आई! ये क्या कर दिया तूने?"

"अगं, बघ तरी किती स्वच्छ झालं!"

"स्वच्छ? ती तिच्या आजीच्या चुलीची काजळी आहे! आजी इथेच जन्मली, इथेच रांधायची. तिची तेवढी एकच खूण राहिलीय! सकाळी नाश्त्याला मला सगळं सांगितलं तिने."

म्हणजे तो छातीवरचा हात माफीचा नव्हता, मायेचा होता! आणि मी तिच्या आजीला टूथब्रशने पुसून टाकलं?

"आता?" मी म्हटलं.

"आता चूक कबूल कर," हे म्हणाले.

सरळ मार्ग तोच होता. पण घाबरलेल्या माणसाला सरळ मार्ग दिसतो का? मला आठवलं, काजळ धरायचं कसं ते सासूबाईंनी शिकवलंय मला! बरोबर आणलेल्या देवाच्या डबीतलं तूप आणि वाती काढल्या, तीन वाती एकत्र पेटवल्या आणि दिवा भिंतीशी धरला.

"अगं, आग लावशील!"

"दगडाला आग लागते का?"

दगडाला लागत नाही. पण छतावर धुराची घंटा असते, ते मला काय ठाऊक! ती जी कोकलायला लागली! अख्खं घर अंगणात. शेजारच्या खोलीतले जपानी आजोबा टॉवेलवर. आणि एमिने पाण्याची बादली घेऊन थेट आमच्या दारात.

तिने दिवा पाहिला, टूथब्रश पाहिला, मग भिंत पाहिली. मला रडूच फुटलं. मुग्धाने मोबाईलवरून सगळं तिला तुर्कीत ऐकवलं. एमिने भिंतीजवळ गेली, पांढऱ्या गोलावरून हळूच बोट फिरवलं. मग मोबाईलमध्ये काहीतरी बोलली आणि मोबाईल हिंदीत म्हणाला, "मेरी दादी ज़िंदगी भर यही दीवार घिसती रहीं। कालिख से बहुत चिढ़ती थीं। आज खुश होंगी।"

आणि ती बाई हसत सुटली हो! तिने मला जवळ घेतलं, वर चहा पाजला. किती मोठं मन! त्या दरीपेक्षा मला आता तीच जास्त आठवते.

परवा पुण्याहून नणंदेकडची मंडळी आली. त्यांना झाशीचा किल्ला दाखवायला मी साडी बदलून निघाले, तर हे दारातच आडवे.

"तू घरीच थांब," म्हणाले. "त्याच्याही भिंती काळ्या आहेत!"