माझ्या चांदीच्या मातीचा लेप

सांगलीच्या कॉलेजात मी चिकणमातीवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवायचो. काचेच्या बशीत ती भुकटी टाकली की भोवतीचे जंतू मरायचे. तेवढ्या भरवशावर मी पलूसला चुलत्यांच्या पायाच्या जखमेवर तिचा लेप दिला. चुलते निवृत्त फौजी, त्यात साखरेचा आजार. ही माती माणसावर कधी वापरलेली नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

लेप वाळून घट्ट बसला, वास थांबला. "लय भारी हाय रं तुझी माती," ते म्हणाले. मी खुशीत फोटो काढला.

आठवड्यानं डॉक्टरांनी ती खपली उचलली. खालून हिरवट पू ओघळला आणि नासक्या मांसाचा भपकारा सुटला.

"अहो, जखमेवर माती कोण लावतं?" डॉक्टर खेकसले.

माझ्याकडे न बघता चुलते म्हणाले, "माझंच चुकलं, सायेब. शेतातली लावली."

पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

"काय मेजर, आता कुठल्या बांधाची माती लावणार?" पारावर लोक त्यांना चिडवायचे. एकदा त्या हसण्यात मीही हसलो. आठवलं की स्वतःचीच किळस येते. ती माती शेतातली नव्हती, माझी होती.