वॉटर्लू, बोकड आणि करपलेले घावणे

आमच्या गावातलं वाचनालय बाजाराच्या तिठ्यावर होतं. गाव मालवणच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी. त्या वेळी आमचा जिल्हा रत्नागिरीच होता. वाचनालयाला दोन खोल्या आणि पुढे एक पडवी होती. पडवीत भिंतीला काळा फळा टांगलेला असे आणि त्यावर रोज सकाळी 'आजच्या दिवशी' असं शीर्षक घालून जगाचा इतिहास लिहिला जाई. लिहिणारी मी. मॅट्रिक होऊन घरी बसले होते, मास्तरणीच्या नोकरीची वाट बघत होते आणि माझं अक्षर बरं होतं. माझे वडील शाळामास्तर आणि वाचनालयाचे चिटणीस असल्यामुळे बाईमाणसाने तिथे जाण्याबद्दल कोणी फारसं बोललं नाही.

मजकूर सांगायचे वाचनालयाचे अध्यक्ष. सगळा गाव त्यांना मामलेदार म्हणे. खरं तर ते आयुष्यभर अव्वल कारकून होते. निवृत्तीच्या तोंडावर वरची जागा रिकामी पडली आणि त्यांना काही महिने हंगामी मामलेदार म्हणून बसवलं. ते महिने त्यांनी इतकं मन लावून भोगले की पुढे हुद्दा सरकारकडे परत गेला तरी नाव त्यांच्याकडेच राहिलं. त्यांच्याकडे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. त्यात वर्षाच्या प्रत्येक तारखेला जगात काय काय घडलं ते दिलेलं होतं. आरामखुर्चीत बसून ते पुस्तक मांडीवर उघडत आणि कचेरीतल्या मराठीत मला सांगत, "लिही. एकोणतीस मे. तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले. आता खाली लिही, बरोबर पाचशे वर्षांनी, त्याच दिवशी, जगातल्या सर्वांत उंच शिखरावर मनुष्य पोचला. आता बोल, हा योगायोग म्हणायचा का?"

मी म्हणायची, "मग काय म्हणायचं, काका?"

"व्यवस्था," ते म्हणत. जणू ती व्यवस्था त्यांच्याच कचेरीतून झाली होती.

फळ्याच्या खालीच एक मासळीवाली बाई पाटी घेऊन बसत असे. तिला वाचता येत नव्हतं, पण फळा कळल्याशिवाय ती मासळीवरचा पाला काढत नसे. "चेडवा, आज काय घडला?" असं ती विचारी आणि मी वाचून दाखवी. मग दिवसभर बांगड्यांबरोबर ती इतिहासही विकत असे. फ्रान्सच्या राज्यक्रांतीची खबर आमच्या गावातल्या निम्म्या घरांत तिच्याच तोंडून गेली.

एकसष्ट सालच्या एप्रिलमध्ये माणूस अवकाशात जाऊन आल्याची बातमी आली आणि मामलेदार दोन दिवस चालताना वरच बघत होते. त्याच आठवड्यात पंधरा एप्रिल आला. मी सकाळी फळ्यावर लिहिलं की आजच्या दिवशी टायटॅनिक नावाची प्रचंड बोट हिमनगावर आपटून बुडाली. दुपारी वाचनालय बंद असे. तीननंतर मामलेदार परत आले तेव्हा पडवीत गर्दी जमली होती. माझ्या मजकुराखाली कोणीतरी गोलगोल, जड अक्षरात लिहिलं होतं : 'याच दिवशी खारेपाटणच्या खाडीत एक होडी कलंडली. माणसे वाचली. एका अव्वल कारकुनाची पगडी वाहून गेली.'

लोक हसत होते आणि मामलेदार दिसताच सगळ्यांना एकदम खोकला आला. त्यांनी मजकूर वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. मग मला म्हणाले, "पुसून टाक." मी पुसलं. आत गेल्यावर हळूच विचारलं, "काका, खरंच पगडी गेली होती?"

"वारा होता," ते म्हणाले आणि पुस्तक मिटलं.

त्यांचा पहिला संशय होडीवाल्यावर गेला, पण तो तर केव्हाच वारला होता. दुसरा संशय माझ्या वडलांवर. त्या दोघांचं वर्तमानपत्रांच्या निवडीवरून वाजलेलं होतं. वडील म्हणाले, "मामलेदार, माझं अक्षर असं असतं तर मला शाळेत कोणी ठेवलं नसतं." ते पटण्यासारखं होतं.

पावसाळा लागला. अठरा जूनला मामलेदारांचा आवडता विषय होता. फ्रान्सच्या बादशहाचा वॉटर्लूला पराभव. तो त्यांनी सांगितला तेव्हा खुर्चीचे हात लगामासारखे धरले होते. मी लिहून घरी गेले. जेवून उठल्यावर लक्षात आलं की छत्री वाचनालयातच राहिली. पाऊस जरा थांबलेला बघून मी परत निघाले. मासळीवाली घरी गेली होती, बाजार झोपला होता. पडवीत मात्र कोणीतरी पाठमोरं उभं होतं. नऊवारी लुगडं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. त्या मामलेदारांच्या बायको होत्या. मी त्यांना काकी म्हणायची.

मला बघून त्या जराही दचकल्या नाहीत. खडू हातातच ठेवून म्हणाल्या, "बरा झाला इलंस. माका सांग, बोकडान लिवू की बोकडाने?"

"काय लिहिताय, काकी?"

"वाच मगे."

मी वाचलं. 'याच दिवशी एका अव्वल कारकुनाचा भर बाजारात' इथपर्यंत मजकूर आला होता.

खरं तर मी त्यांना थांबवायला हवं होतं. मी चिटणिसांची मुलगी होते आणि अध्यक्षांच्या विश्वासातली. पण पुढे काय झालं हे कळल्याशिवाय मला राहवेना. म्हटलं, "फळ्यावर मालवणी चालायचं नाही. बोकडाने लिहा."

त्यांनी ते लिहिलं. 'बोकडाने पराभव केला. तोफा वापरल्या गेल्या नाहीत.' मग हात पदराला पुसत पायरीवर बसल्या.

"काकी, तुम्हाला लिहिता येतं हे काकांना ठाऊक नाही?"

"विजयदुर्गाक माहेराक होतंय तेव्हा चार इयत्ता शिकलंय. लगीन झाल्यावर लिवचा काय? धोब्याचो हिशेब? तेंका वाटता मी पोथी तेवडी वाचतंय." मग म्हणाल्या, "जेवताना वॉटर्लू, हात धुताना वॉटर्लू. जसे हे थंय घोड्यावर होते. तेंच्या बदल्यांमागना सगळो जिल्हो मी फिरलंय. तारखो माज्याय डोक्यात आसत गो. त्या कोण इचारीत नाय."

"बोकडाचं खरं आहे?"

"गटारात बसले होते. मीच उठवलंय. घराकडे येवन म्हणतत, कोणाक सांगा नको." एवढं बोलून त्या हसू लागल्या. त्यांचं हसणं आवाज न करता पोटातून येई आणि बांगड्या तेवढ्या वाजत. "इतकी वर्सां नाय सांगलंय. आतासुदा खंय सांगतंय? लिवतंय."

त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूची झाले. मामलेदार उद्याचा मजकूर सांगत तो मी संध्याकाळी देवळाच्या वाटेवर काकींना कळवी, म्हणजे त्यांना जोडीची घटना आठवायला वेळ मिळे. सगळ्याच तारखांना काही निघत नसे. काकी त्या बाबतीत कडक होत्या. मी एकदा म्हटलं, थोडं इकडचं तिकडे केलं तर कोणाला कळणार? तर म्हणाल्या, "नको. खोटा लिवला तर तेंच्या पुस्तकात आणि आमच्यात फरक काय?"

चौदा जुलै उजाडला. पॅरिसच्या लोकांनी तुरुंग फोडला तो दिवस. दुपारनंतर फळ्यावर त्याखाली लिहिलेलं होतं : 'याच दिवशी एक अव्वल कारकून कचेरीच्या कोठीत चुकून आत अडकले. दार फोडण्यास कोणीही आले नाही. खिडकीच्या गजांतून घावणे द्यावे लागले.'

तोवर तीनच्या सुमाराला पडवीत भर पावसात निम्मा बाजार जमायला लागला होता. मासळीवालीने तर दुपारचं घरी जाणंच सोडलं होतं. मामलेदार आले, छत्री मिटली, वाचायला लागले. पगडी आणि बोकड गावाला कुठून तरी कळले असतील अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. पण कोठीत अडकल्याचं त्यांनी कचेरीत कोणाला कळूच दिलं नव्हतं. जुनी दप्तरं तपासत होतो म्हणून सांगितलं होतं. खिडकीबाहेर ताटली धरून उभं राहणारं माणूस जगात एकच होतं.

ते फळ्यासमोर उभे राहिले. कोणी खोकलंही नाही. मला वाटलं आता वाचनालयाला कुलूप लागणार. त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला आणि म्हणाले, "खडू."

मी खडू दिला. त्यांनी मोडी वळणाच्या, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात काकींच्या मजकुराखाली एक ओळ लिहिली : 'घावणे करपलेले होते.'

मग खडू मला परत केला आणि आत जाऊन वर्तमानपत्र उघडलं. वर्तमानपत्र बराच वेळ एकाच पानावर होतं, आणि हलत होतं.

दुसऱ्या दिवशी मी काकींना गाठलं. "काका घरी काय बोलले?"

"काय नाय. जेवले. आमटी परत मागून घेतली."

"आणि तुम्ही?"

"वाढलंय."

घरात त्या दोघांनी या विषयावर अवाक्षर काढलं नाही, ना त्या दिवशी ना पुढे. सगळं बोलणं फळ्यावर. ऑक्टोबरात एका दर्यावर्दीला अमेरिका सापडली त्या तारखेला या वेळी मामलेदारांनीच आधी हात मारला : 'याच दिवशी एका गृहिणीची नथ हरवली. घर उलटेपालटे केल्यावर ती नाकातच सापडली.' काकींनी दुपारी खाली उत्तर दिलं : 'शोधणाऱ्यास समोरची गोष्ट दिसत नव्हती.' ते मी वाचून दाखवल्यावर मासळीवाली म्हणाली, "ह्या बरोबर बोलली," आणि त्या दिवशी तिने मामलेदारांकडे नेहमीची सुरमई न पाठवता काकींच्या आवडीच्या मुडदुशा पाठवल्या.

वडलांना हे सगळं बिलकूल पसंत नव्हतं. वाचनालय ज्ञानासाठी आहे, संसारासाठी नाही, असं त्यांनी सभेत मांडलं. मामलेदार अध्यक्षस्थानावरून म्हणाले, "चिटणीस, याला स्थानिक इतिहास म्हणतात." ठराव तिथेच पडला.

डिसेंबर आला आणि खरं भांडण झालं. मामलेदारांनी एके दिवशी मला आगाऊ सांगून ठेवलं की एकोणीस तारखेला फळ्यावर त्यांच्या लग्नाची ओळ घालायची. मी ते काकींना सांगितलं. त्या थेट वाचनालयात आल्या, भर सकाळी, पडवी ओलांडून आत, जिथे माझ्याखेरीज कोणी बाई कधी आली नव्हती.

"लगीन एकोणीसाक खंय झाला? मार्गशीर्ष पंचमीक झाला. राम-सीतेचा लगीन झाला त्या तिथीक. पंचमी कधीच होवन गेली. मी देवाकडे साखर ठेवलंय, तुमी ती खाल्लात सुदा."

"इंग्रजी तारीख एकोणीसच होती," मामलेदार म्हणाले. "सरकारी नोंदीत तारीखच धरतात."

"सरकार इला होता लग्नाक?"

सगळा बाजार दोन तट पडून बोलू लागला. देवळाकडची मंडळी तिथीच्या बाजूने. पोस्टातले, शाळेतले तारखेच्या बाजूने. मासळीवालीचं म्हणणं असं की दिवस धरायचा तो भरतीवरून, बाकी सगळी कागदाची गजाल.

तेवढ्यात गोव्याकडून बातम्या येऊ लागल्या आणि लोक तिथी-तारीख विसरले. वाचनालयात बॅटरीवरचा रेडिओ होता. एकोणीस तारखेला पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. आपली फौज पणजीत शिरली हे ऐकल्यावर प्रत्येकजण काहीतरी बोलत होता, एकट्या काकी रेडिओजवळ सरकून कान देऊन ऐकत होत्या. त्यांची थोरली बहीण गोव्यात पेडण्याला दिलेली होती. सरहद्द बंद झाल्यापासून इकडून तिकडे कोणाचं जाणंयेणं उरलं नव्हतं, आणि ती जिवंत आहे की नाही हेही त्यांना ऐकीव कळे. सकाळी मी त्यांच्या लग्नाची ओळ फळ्यावर लिहून ठेवली होती. मामलेदार उठले, त्यांनी ती स्वतःच्या धोतराच्या सोग्याने पुसली आणि मला म्हणाले, "लिही. गोवा मुक्त झाला. वर्ष घालू नकोस. आजचंच आहे."

काकींकडे वळून ते मालवणीत म्हणाले, "रस्तो सुरू झाल्याबरोबर जावया." लोकांदेखत ते मालवणी बोललेले मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

गेलेही. काजू मोहरायच्या सुमाराला दोघं पेडण्याला जाऊन आली. काकी परतल्या तेव्हा मी धावतच त्यांच्या घरी गेले. बहिणीची भेट कशी झाली, रडणं किती झालं, मला सगळं ऐकायचं होतं. काकी चुलीपुढे बसल्या होत्या आणि चांगल्याच तापलेल्या होत्या.

"बायो बरी आसा. दात गेले, पण जीब तशीच. तिका मी इचारलंय, माज्या लग्नाचो दिस सांग. तर म्हणता, पंचमी नाय आणि तुज्या घोवाची तारीखय नाय. म्हणता, वऱ्हाडाची होडी आडकली, मुहूर्त चुकलो आणि लगीन दुसऱ्या दिसाक लागला. षष्ठीक."

मी मामलेदारांकडे बघितलं. ते ताटली घेऊन झोपाळ्यावर बसले होते.

"होडी अडकली होती?" मी विचारलं.

"होडी नेहमीच अडकते," ते म्हणाले. "म्हणून काय लग्न पुढे जातं? त्या बाईंचं वय झालंय. कसली षष्ठी?"

"तर काय," काकी म्हणाल्या. "तिका काय आठवता? ती तर वळेसर विसारली म्हणून सगळो वेळ रडत होती."

"रडतच होत्या," मामलेदार म्हणाले. "मी बघितलंय ना."

आणि दोघं मिळून मला बराच वेळ पेडण्याच्या बहिणीच्या चुका सांगत बसली. मध्येच काकींनी मामलेदारांच्या ताटलीत न विचारता आणखी दोन घावणे टाकले.